‘स्टेनलेस स्टील’ सांगून गळ्यात मारलेला कॅम्पिंग स्टोव्ह, घेण्याआधी हे वाचा

कॅम्पिंगसाठी घडीचा गॅस स्टोव्ह घ्यायचा विचार चालू असेल तर हे आधी वाचा आणि मग पैसे भरा. मला ज्याने फसवलं तो आजही तोच माल विकतोय, फक्त नाव बदलून, आणि हा नुसता पैशाचा विषय नाहीये, उकळत्या पाण्याचं पातेलं माणसाच्या पायावर कलंडण्याचा विषय आहे.

जाहिरातीत लिहिलं होतं की बॉडी आणि भांडं ठेवायचे पाय फुल स्टेनलेस स्टील, बर्नर आणि व्हॉल्व पितळी, 1 लिटर पाणी 1 मिनिटात उकळणार, आणि सोबत ‘थंडीत चालणारा मिक्स गॅस’ भरलेला डबा फ्री. फोटो एकदम झकास. मी विक्रेत्याला मेसेज करून विचारलं की मोठं भांडं चालेल का, तर म्हणाला, "साहेब, बिनधास्त ठेवा, आयुष्यभर बघायला नको." पार्सल आलं ते दिसायला हुबेहूब फोटोसारखं, पायावर ‘स्टेनलेस’ असं कोरलेलं सुद्धा होतं. घरी पेटवून बघितला, निळी ज्वाळा, आवाज चांगला, सगळं ठीक.

खरी गोष्ट कळली कॅम्पवर. चौघांच्या जेवणाचं पातेलं ठेवलं, आच मोठी केली, आणि थोड्या वेळाने पातेलं एका बाजूला झुकायला लागलं. आधी वाटलं जमीनच वाकडी आहे. वाकून बघतो तर तीनपैकी एक पाय बुडाशी जिथे बर्नरला जोडलाय तिथून हळूहळू खाली वाकत चालला होता, आणि त्याच्यावरचा चकचकीत थर पापुद्र्यासारखा सुटून खालची राखाडी धातू दिसायला लागली होती. पातेलं कडेने धरून उचलेपर्यंत अर्धं उकळतं पाणी सांडलं. सुदैवाने कोणाचा पाय मध्ये नव्हता.

परत आल्यावर पाय कानशीने घासून बघितला, आत लोखंडही नाही, मऊ राखाडी ओतीव मिश्रधातू, वरून मुलामा. अशा स्वस्त ओतकामात बहुतेक झिंक असतं, आणि शुद्ध झिंक 419 अंश सेल्सियसला वितळतं, त्याचे नेहमीचे मिश्रधातू तर त्याच्याही आधी. आता ब्यूटेन-प्रोपेनची ज्वाळा 1900 अंशांच्या आसपास जाऊ शकते. पाय थेट तेवढा तापत नाही हे खरं, पण वितळायच्या खूप आधीच धातू मऊ पडते आणि वर वजन असलं की वाकते. ॲल्युमिनियमचंही तसंच, वितळतं 660 ला पण ताकद त्याच्या कितीतरी आधी सोडतं. म्हणून चांगल्या स्टोव्हमध्ये आचेत येणारे भाग स्टीलचे किंवा टायटॅनियमचे असतात, ॲल्युमिनियम असलंच तर आचेपासून लांब. ‘पितळी’ व्हॉल्वचंही तेच निघालं, आट्यांवर जरासं खरवडलं की पिवळा रंग गेला आणि आत पांढरट. पितळ आतपर्यंत पिवळंच असतं.

तक्रार केली तर उत्तर आलं की ‘ज्वाळेमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही’. स्टोव्हच्या वॉरंटीत ज्वाळा बसत नाही! मग काय बसतं, खोक्यातली धूळ? वजन जास्त ठेवलं असेल म्हणाला, त्याचाच मेसेज त्याला दाखवला तर उत्तरच बंद. थोड्या दिवसांनी जाहिरात गायब आणि तोच स्टोव्ह दुसऱ्या नावाने हजर, फोटोही तोच, नॉबच्या कडेला असलेला बारीक ओरखडा सुद्धा तसाच.

फ्री डब्याची फसवणूक तर अजून वाईट वाटते मला, कारण ती पटकन लक्षात येत नाही. पहाटे गारठ्यात स्टोव्ह पेटेना, डबा हलवला तर आत द्रव खळखळतंय म्हणजे गॅस संपलेला नाही. ही साध्या ब्यूटेनची खूण. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास उकळतं, त्यामुळे हवा शून्याजवळ गेली की त्याची वाफच होत नाही. आयसोब्यूटेन साधारण उणे 12 पर्यंत साथ देतं आणि प्रोपेन उणे 42 पर्यंत, म्हणूनच थंडीच्या डब्यात हे दोन्ही मिसळतात. माझा डबा म्हणजे वापरून रिकामा झालेला, मग स्वस्त ब्यूटेन परत भरलेला. व्हॉल्वच्या तोंडावर आधी वापरल्याचे ओरखडे होते, झाकण दुसऱ्याच रंगाचं. आट्यांचे हे डबे एकदाच वापरायचे असतात, तसं त्यांच्यावर छापलेलंही असतं. परत भरताना कोणी जास्त भरला तर वर वाफेला जागा उरत नाही आणि डबा तापला की फुटू शकतो, आणि कोणी जास्त प्रोपेनवाला गॅस कोंबला तर आणखी धोका, कारण 20 अंशांना प्रोपेनचा दाब ब्यूटेनच्या जवळपास चौपट असतो. असा डबा फुकट मिळाला तरी घेऊ नका, प्लीज.

आता जाहिरातीतले आकडे कसे तपासायचे ते सांगतो, कारण थापा तिथेच पकडता येतात. 1 लिटर पाणी 20 अंशांवरून 100 वर न्यायला साधारण 335 किलोज्यूल उष्णता लागते, याला कोणाची कंपनी बदलू शकत नाही. ते 1 मिनिटात करायचं तर साडेपाच किलोवॅटपेक्षा जास्त उष्णता सगळीच्या सगळी पाण्यात जायला हवी. छोटे बर्नर असतात साधारण 3 किलोवॅटचे आणि त्यातली निम्मी उष्णता आजूबाजूला जाते, म्हणजे साडेतीन-चार मिनिटं, वारा असेल तर अजून जास्त. तसंच 230 ग्रॅम गॅसमध्ये ‘50 लिटर पाणी उकळेल’ असं कोणी लिहिलं तर तेही खोटं, एक थेंब उष्णता वाया न घालवताही हिशोब 31 लिटरच्या आसपास थांबतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्मं धरा. जो इथे खोटं बोलतो तो धातूबद्दल खरं बोलेल असं मला तरी वाटत नाही.

हातात आल्यावर चुंबक लावा, पण नुसत्या चुंबकावर विसंबू नका. 304 ग्रेडचं स्टेनलेस चुंबकाला जवळपास चिकटत नाही, पण काही खरी स्टेनलेस चिकटतात आणि माझा ओतीव माल अजिबात चिकटत नव्हता. त्यामुळे चुंबकासोबत आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, सुईने ओरखडा मारून बघा. टायटॅनियम सांगून विकलेलं असेल तर तापल्यावर त्यावर निळसर-सोनेरी छटा येते, ॲल्युमिनियमवर तशी येत नाही. आणि वजन करा, खऱ्या मॉडेलचं वजन कंपनीने दिलेलं असतं. डब्याचंही करा, छापलेल्या गॅसपेक्षा फार जास्त भरलेला वाटला तर हात लावू नका.

टिकाऊपणाबद्दल माझं स्पष्ट मत असं की ज्याचे सुटे भाग मिळतात तोच स्टोव्ह टिकतो. स्वीडनमध्ये 1892 ला आलेला प्रायमसचा रॉकेलचा स्टोव्ह बघा, पितळी टाकी, चामड्याचा वॉशर झिजला की बदलायचा, जेट (इंधन बाहेर पडायचं बारीक भोक) तुंबला की पिन मारायची, असे स्टोव्ह पिढ्यानपिढ्या चाललेत. आजच्या स्टोव्हमध्ये तीच कामं ओ-रिंग (जोडातून गळती थांबवणारी रबरी कडी) आणि जेट करतात, म्हणून विकत घेण्याआधी लेखी विचारा की ओ-रिंग आणि जेट वेगळे मिळतात का, पायांची धातू कोणती, किती किलोपर्यंत भांडं चालतं. उत्तर टाळलं तर तिथून घेऊ नका. मोठं पातेलं ठेवणार असाल तर डब्याच्या डोक्यावर बसणारा घेऊच नका, नळीवाला बुटका आणि पसरट पायांचा घ्या, तो सहजासहजी कलंडत नाही आणि डबाही आचेपासून लांब राहतो. डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हला चारही बाजूंनी वाऱ्याचा आडोसा लावला की डबा तापतो, ते कधीच करू नका, आणि तंबूच्या आत कोणताही स्टोव्ह नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, विक्रेत्याचे मेसेज आणि जाहिरातीचे फोटो त्याच दिवशी सेव्ह करा, जाहिरात नंतर उडवतात. आणि परत करायची मुदत संपायच्या आत मोकळ्या हवेत डबा जोडून, न पेटवता, जोडावर साबणाचं पाणी लावा, मग नॉब बंद असताना बुडबुडे येतायत का बघा. आले तर घट्ट पिळत बसू नका, आट्या बिघडवल्या असं म्हणून परत घेणार नाहीत, डबा लगेच काढा, व्हिडिओ पाठवा आणि आहे तसा परत करा.