मुंबईचा मे की दुबईचा ऑगस्ट?

दोन्ही शहरे समुद्रकाठची आणि घामाघूम करणारी. तरी मुंबईत मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असते, तर दुबईत ऑगस्टमध्ये ते ४१ अंशांवर जाते. वाळवंटातली हवा कोरडीच असणार, हा आपला समज तिथे टिकत नाही, कारण पर्शियन आखात उथळ असल्याने त्याचे पाणी ३२ अंशांच्याही वर तापते आणि त्याची वाफ किनाऱ्यावरच्या हवेत साठून रात्रीही उकाडा कमी होऊ देत नाही. मुंबईची सुटका जूनमधला मोसमी पाऊस करतो. दुबईला ऑक्टोबर संपेपर्यंत थांबावे लागते. हिवाळ्यात मात्र झुकते माप दुबईलाच द्यावे लागेल, कारण जानेवारीत तिथे दुपारी २४ अंश असतात आणि मुंबईत (दादरकरांनी कितीही स्वेटर बाहेर काढले तरी) तिशी ओलांडलेली असते.