सीडी की डब्याचं झाकण? गच्चीवरच्या यूएचएफ अँटेनाचा काही महिन्यांचा अनुभव

मला ऐकायच्या 435 मेगाहर्ट्झला तरंगलांबीचा पाव भाग साधारण 17 सेंटिमीटर येतो. डिस्कोन (वर चकती, खाली शंकू असलेल्या) अँटेनाची वरची चकती त्याच्या सात दशांश लागते, म्हणजे 12 सेंटिमीटर. सीडीचा व्यासही नेमका तेवढाच! हे जुळल्यावर प्रयोग करून बघायचाच होता.

सीडीतला अ‍ॅल्युमिनियमचा थर मायक्रॉनच्या दशांशाहूनही पातळ असतो, म्हणून ती निरुपयोगी, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. प्रवाह सगळ्या चकतीवर पसरतो, त्यामुळे रोध फार भरत नाही. खरी अडचण जोडणीची. मधल्या भोकाभोवती धातूच नसतो आणि बाकीचा थर लाखेखाली असतो. पण छापील बाजूवर रुंद वॉशर घट्ट दाबून बसवला, की या वारंवारतेला लाखेतूनही जोड मिळतो. खरवडायची गरज नाही. खाली शंकूसाठी अर्थिंगच्या तांब्याच्या तारेचे 17 सेंटिमीटरचे आठ तुकडे. बाकी सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळालं.

सहकारनगरच्या गच्चीवर सीडी हिवाळाभर उत्तम चालली. एप्रिल-मेच्या उन्हात छापील थराला पोपडे धरले आणि पहिल्या पावसानंतर धातू डागाळून उडाला. तिच्या जागी स्टीलच्या डब्याचं त्याच मापाचं झाकण लावलं. ऐकण्यात मला फरक जाणवला नाही, टिकण्यात मात्र जमीन-अस्मानाचा. स्टीलला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून नट-बोल्टच वापरा.

चकतीपेक्षा केबलकडे जास्त लक्ष द्या, हे मी आग्रहाने सांगेन. आरजी-58 ची दहा मीटर केबल इथे निम्म्याहून अधिक सिग्नल खाते. टीव्हीची आरजी-6 केबल 50 ऐवजी 75 ओहमची असली तरी फक्त ऐकण्यासाठी सरस ठरते. न जुळण्याचं नुकसान नगण्य असतं. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, नाहीतर पाणी थेट डोंगलपर्यंत (संगणकाला लावायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरपर्यंत) येतं.

मी फक्त ऐकतो. बोलायला हॅम (हौशी रेडिओ) परवाना हवा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा रिपीटर (आलेला आवाज पुन्हा प्रसारित करणारा संच) 437.800 मेगाहर्ट्झवर चालू असतो तेव्हा त्यावरचे हॅम छान ऐकू येतात. डॉप्लरमुळे (स्थानकाच्या वेगाने वारंवारता सरकते) सुरुवातीला दहाएक किलोहर्ट्झ वर आणि शेवटी तितकंच खाली सरकावं लागतं. एक गंमत बघा: स्थानक अगदी डोक्यावर असतं तेव्हाच आवाज पडतो, कारण डिस्कोन सरळ वर फारसा ऐकत नाही. तळजाईच्या टेकडीमुळे दक्षिणेकडचं क्षितिजही थोडं झाकलं जातं.

टीव्हीसाठी मात्र हा बनवू नका. तिथे बहुधा आडवं ध्रुवीकरण असतं, म्हणजे लहरी आडव्या कंपतात, आणि हा उभ्याचा. उलट लोहगाव विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचे 1090 मेगाहर्ट्झचे संदेश याच झाकणावर सहज येतात. तेवढ्यासाठीच हवा असेल तर बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधली 95 मिलिमीटरची चकतीही पुरते. माझा दुसरा अँटेना तिचाच चालू आहे.