क्रॅश चालू की बंद? घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये किती खरेपणा ठेवावा

जुहूच्या धावपट्टीवर सेस्ना १७२ हे छोटं विमान उतरवायचा चौथा प्रयत्न. चाकं टेकली, विमान उसळलं, पुन्हा आपटलं आणि पडदा काळा. यानंतर नवा माणूस हमखास एकच करतो. सेटिंग्जमध्ये जातो आणि जे जे सोपं दिसेल ते सगळं चालू करून टाकतो. आठवड्याभरात विमान गरीब गाईसारखं वागायला लागतं आणि दुसऱ्या आठवड्यात जॉयस्टिकवर धूळ बसते.

यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. विमान हवेत कसं वागतं ही एक, आणि तुमची चूक झाली की सिम्युलेटर काय शिक्षा करतो ही दुसरी. मेनूत दोन्ही शेजारी शेजारी असतात, म्हणून आपण त्या एका दमात सैल करतो किंवा एका दमात कडक. माझं मत आधीच सांगून टाकतो: वागणं पहिल्या दिवसापासून खरं ठेवा, शिक्षा हळूहळू वाढवा.

क्रॅश चालू, क्रॅश बंद

मेनूत क्रॅश चालू असेल तर जोरात आपटल्यावर सिम्युलेटर उड्डाण तिथेच संपवतो; बंद असेल तर विमान तसंच पुढे चालतं. वरच्याच प्रसंगात क्रॅश बंद असता तर? विमान उसळलं असतं, आणि पुढचे तीन-चार सेकंद तुमच्या हातात राहिले असते. खऱ्या शिकाऊ वैमानिकाला शिकवतात ते नेमकं या सेकंदांसाठी: नाक खाली दाबू नका, आहे तिथे धरा, थोडा थ्रॉटल (इंजिनाची ताकद) द्या; उसळी मोठी असेल तर पूर्ण थ्रॉटल देऊन वर जा आणि चक्कर मारून परत या. क्रॅश चालू असेल तर ही तालीम होतच नाही. चुकीचा पहिला अर्धा भाग दिसतो, दुसरा अर्धा मेनू खाऊन टाकतो. शिवाय दर आपटीनंतर पुन्हा लोड होण्याची वाट बघा. तासाभरात दहा लँडिंग व्हायची तिथे चार होतात.

बंद ठेवण्याचा तोटाही आहे, आणि तो लबाड आहे. कसंही आदळलं तरी विमान पुढे धावतं आणि आपण ‘उतरलो’ म्हणून मोकळे. यावर उपाय म्हणजे शिक्षा स्वतःच करणे. टेकतानाचा उतरण्याचा वेग बघायचा. मोठी प्रवासी विमानं कमाल लँडिंग वजनाला सेकंदाला १० फूट, म्हणजे मिनिटाला ६०० फूट वेगाचा दणका सोसतील अशा बेतानं बनवतात. तुमचा आकडा त्याच्या आसपास असेल, तर मेनू गप्प बसला तरी तुम्ही गप्प बसू नका. सेस्नात मिनिटाला दीडशे फुटांच्या आत आलात की समाधान मानायला हरकत नाही.

प्रत्येक सिम्युलेटरची तऱ्हा वेगळी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये क्रॅश चालू असला तरी मोडतोड दिसत नाही; पडदा अंधारतो, संदेश येतो, संपलं. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये जोराच्या आपटीनंतर विमान आपोआप पुन्हा मांडायचं की नाही याची वेगळी खूण आहे. ती काढली तर विमान पडल्या जागी राहतं, आणि आपण कुठे, कशा कोनात गेलो ते निवांत बघता येतं. शिकणाऱ्याला हे जास्त उपयोगी, असं मला वाटतं. मायक्रोसॉफ्टचाच २००६ चा जुना एफएसएक्स (फ्लाइट सिम्युलेटर एक्स) अजून कोणाच्या मशीनवर असेल तर तिथे एक अडचण आहे: विमानावरच्या ताणाचं नुकसान (मर्यादेबाहेर वेग किंवा जोर दिल्यावर होणारी मोडतोड) हवं असेल तर क्रॅशही चालू ठेवावाच लागतो. मग क्रॅश सोसण्याची पट्टी सैल बाजूला सरकवून मधला मार्ग काढायचा.

लांबच्या उड्डाणाला मात्र क्रॅश बंदच ठेवा. मुंबई ते लंडन नऊ-दहा तास उडवून मी एकदा विमान गेटला लावलं, आणि विमानतळावरची एक सामानाची गाडी पंखात घुसली. सिम्युलेटर कोणता ते जाऊ दे. पडदा काळा, उड्डाण रद्द. चूक माझी नव्हती, शिकण्यासारखंही काही नव्हतं. ऑनलाइन नेटवर्कवर उडत असाल तर इतर विमानांशी टक्कर तर नक्कीच बंद. कोणी ना कोणी नेमकं तुमच्याच जागेवर येऊन उगवतं.

ताणाचं नुकसान: हे आधी चालू करा

बहुतेक लोक हे सगळ्यात शेवटी चालू करतात. मी उलट सांगेन. सेस्ना १७२ एसची लाल रेघ, म्हणजे कधीच ओलांडू नये असा वेग, १६३ नॉटवर (ताशी सागरी मैल) असते आणि पूर्ण फ्लॅप (उतरताना पंखामागून खाली येणाऱ्या पट्ट्या) ८५ च्या खालीच उघडायचे असतात. ताण बंद असेल तर १२० वर फ्लॅप टाकले काय आणि टाकले नाहीत काय, काहीच होत नाही. महिनाभर असं उडवलं की नजर वेगाच्या तबकडीकडे जाणंच सुटतं, आणि ती सवय नंतर मोडायला फार जड जाते. पुण्याहून घाट ओलांडून मुंबईकडे उतरताना मी थ्रॉटल कमी न करताच नाक खाली घालायचो. एक्स-प्लेनमध्ये अतिवेगानं भाग तुटण्याची खूण चालू केली आणि पहिल्याच फेरीत खोपोलीच्या वर पंख गेले. त्यानंतर उतरताना माझा हात आधी थ्रॉटलकडे जातो.

इंजिनावरच्या ताणाची सेटिंग वेगळी असते. सेस्नात ती फारशी जाणवणार नाही. टर्बोप्रॉप (जेटसारख्या टर्बाइन इंजिनानं पंखा फिरवणारं विमान) घेतलं की जाणवेल, कारण तिथे थ्रॉटल टोकापर्यंत ढकलणं हीच चूक असते.

रडर आणि मदतनीस

ऑटो-रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा रडर आपोआप चालवणारी मदत, ठेवायचा की नाही, हे तुमच्या टेबलावर काय आहे त्यावर ठरतं. नुसता कीबोर्ड किंवा साधा गेम कंट्रोलर असेल तर ठेवा, लाजू नका. पिळता येणारी जॉयस्टिक किंवा पेडल असतील तर पहिल्या दिवशीच काढा. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर सेस्ना डावीकडे ओढते, आणि उजवा पाय देऊन तिला सरळ ठेवणं हा उड्डाणाचा पहिला धडा आहे. मदतनीस चालू असेल तर तो धडा तुमच्या वाट्यालाच येत नाही. बाजूच्या वाऱ्यात उतरताना तर उलटीच गंमत होते: पंख वाऱ्याकडे झुकवून नाक उलट्या रडरनं सरळ ठेवायचं असतं, आणि ऑटो-रडर नेमकं तेच करू देत नाही. म्हणजे सोपं करायला घेतलेली सेटिंग लँडिंग अवघड करून ठेवते.

मिक्श्चर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या इंधन-हवेचं प्रमाण, आपोआप राहू द्यावं का? जुहू, गोवा, रत्नागिरी, सगळी समुद्रसपाटीची ठिकाणं. तिथे फरक पडत नाही. लेहला जा, साडेदहा हजार फुटांवर. तिथे मिक्श्चर पूर्ण भरून उडायला गेलात तर इंजिन खोकत राहतं आणि धावपट्टी संपत येते. डोंगरात उडायची हौस असेल तर हाती घ्या, नाहीतर राहू दे.

बर्फाचा परिणाम मायक्रोसॉफ्टमध्ये नुसता दिसण्यापुरता ठेवता येतो. कोकणात उडणाऱ्यानं तेवढ्यावर भागवावं.

जुहूबद्दल एक आडवळण

सांताक्रूझला, म्हणजे मुंबईच्या मोठ्या विमानतळाला, पश्चिमेकडून उतरायला येताना डाव्या हाताला जुहूची छोटी धावपट्टी येते, जवळजवळ त्याच दिशेची. १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ चुकून जुहूलाच उतरलं. कॉमेट नंतर तिथून उडवून नेता आलं. डीसी-८ धावपट्टी संपवून पुढे गेलं आणि कायमचं निकामी झालं. सिम्युलेटरमध्ये धुरकट सकाळ लावा, दिशादर्शक मदत बंद करा आणि मोठं विमान घेऊन या वाटेनं या. क्रॅश आणि ताण, दोन्ही चालू ठेवून. चूक किती सहज होते ते कळेल.

मग ठरवायचं कसं

वीकेंडला तासभर आकाशातून आपलं गाव बघायचं असेल, तर सगळ्या मदती चालू, क्रॅश बंद, आणि कोणाचं ऐकू नका. खरोखर शिकायचं असेल तर उलट मांडणी: मदती काढा, ताण चालू, आणि क्रॅश बंद, निदान पहिली पन्नासेक लँडिंग होईपर्यंत. पुढे कधीतरी फ्लाइंग क्लबात जायचा बेत असेल तर हीच मांडणी, फक्त आणखी कडक. घरचे तास लॉगबुकात चढत नाहीत, पण सवयी बरोबर येतात, चांगल्याही आणि वाईटही.

आणि क्रॅश चालू कधी करायचा? बिघाडांची तालीम सुरू कराल तेव्हा. एक्स-प्लेनमध्ये एखादा बिघाड ठरवलेली कळ दाबल्यावर व्हावा असं लावता येतं. मी इंजिन बंद पडण्याची कळ लावली आणि कीबोर्ड मुलाच्या हातात दिला. गेटवेवरून मांडव्याकडे, २,००० फूट, खाडीच्या मध्यावर त्यानं ती दाबली. ६८ नॉट धरले, इंजिनाशिवाय सगळ्यात लांब नेणारा वेग. सेस्ना दर हजार फुटांमागे साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते, म्हणजे हातात साडेपाच किलोमीटर. मांडव्याची जेटी समोर दिसत होती, आणि दिसतच राहिली. पाणी. क्रॅश चालू होता, म्हणून त्या साडेपाच किलोमीटरला काही अर्थ होता.

‘परत?’ त्यानं विचारलं. म्हटलं, थांब, आधी साडेतीन हजारांवर जाऊ दे.