इम्पोर्टेड टेकऑफ टायरच्या नावाखाली 21,700 रुपयांना गंडवलं, टायर घेणाऱ्यांनी वाचा

दिवाळीत गाडीला चार टायर टाकले, 195/55 आर16 या आकाराचे, "इम्पोर्टेड, परफॉर्मन्स, शोरूम टेकऑफ, दादा फक्त 300 किलोमीटर चाललेत" असं सांगून दिले. टेकऑफ म्हणजे नव्या गाडीवरून लगेच काढलेले. 21,700 रुपये मोजले. चारही टायर जुने निघाले, कट मारलेले, म्हणजे झिजलेल्या खाचा पात्याने पुन्हा कोरलेले, आणि त्यातल्या एकाची नक्षी समृद्धी महामार्गावर जालन्याच्या पुढे सुटायला लागली तेव्हा गाडीत आई, बायको आणि मुलगी होती. दुकानाचं नाव इथे टाकत नाही, ग्राहक आयोगात तक्रार केलीये आणि नाव टाकू नका असं वकिलांनी सांगितलंय, पण त्यांची पद्धत सगळी लिहितो कारण असली दुकानं प्रत्येक शहरात आहेत.

आधी हे सांगतो की मला काही शौक नव्हता. गाडीचे कंपनीचे टायर 32,000 किलोमीटर चालले होते, नक्षी शिल्लक होती पण रबर कडक झालं होतं, पावसाळ्यात घाटात उतारावर ब्रेक दाबला की गाडी अर्धा हात पुढे सरकायची. आमचं वर्षातून बऱ्याचदा कोकणात जाणं असतं. म्हणून म्हटलं जरा चांगल्या ग्रिपचे टाकू. अधिकृत डीलरकडे गेलो तर एका नामांकित कंपनीच्या परफॉर्मन्स टायरचा रेट 8,400 एक, म्हणजे चार टायरचे 33,600. मग बाकीचे करतात तेच मी केलं, जरा फिरून बघितलं. मोबाइलवर जाहिरात दिसली, तोच ब्रँड, तेच मॉडेल, 5,800 ला एक. फोन केला तर माणूस इतका व्यवस्थित बोलला, म्हणे लोक नवी गाडी शोरूममधून काढतात आणि त्याच दिवशी मोठे अलॉय व्हील टाकतात, मग हे टायर आमच्याकडे येतात, आणि त्यात जीएसटी 28 वरून 18 झालाय म्हणून दिवाळी ऑफर. आता यात खोटं काय वाटणार? टेकऑफ टायर विकतात हे खरंच आहे, जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये कमी झाला हेही खरंच. सगळ्या खऱ्या गोष्टी सांगून मध्ये एक खोटी सरकवायची, ही त्यांची रीत.

5,000 यूपीआयवर अॅडव्हान्स घेतला, "माल ठेवतो बाजूला, दुसरं गिऱ्हाईक आहे".

हिशोब लिहितो. टायर 5,800 गुणिले 4 म्हणजे 23,200. अलाइनमेंट 600, बॅलन्सिंग 600, नायट्रोजन 200, नवे व्हॉल्व्ह 300. झाले 24,900. माझे जुने टायर त्यांनी 800 ला एक धरून घेतले, 3,200 वजा, उरले 21,700. अॅडव्हान्स सोडून 16,700 कॅश मागितली, म्हणे आमच्या यूपीआयची आजची लिमिट संपलीये. पक्कं बिल मागितलं तर "देतो की, पण 18 टक्के वर लागतील", म्हणजे 4,176 जास्त. मला सांगा, कोण देतं? एका साध्या छापील एस्टिमेटवर पेनाने रक्कम लिहून दिली, ना जीएसटी नंबर, ना टायरचे सीरियल नंबर. नव्या टायरच्या बिलावर डीलर सीरियल नंबर टाकतात, वॉरंटी त्यावरच चालते. हे मला आता माहितीये.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं.

टायर बसवून गाडी खाली घेतली, मी हौसेने चाकाजवळ वाकून बघत होतो, आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं, इनसाइड. बाहेरच्या बाजूला इनसाइड! चारही चाकांना! मी पोराला विचारलं, अरे हे आत असायला पाहिजे ना? त्याने मालकाकडे बघितलं. मालक चहाचा कप हातात घेऊन आला आणि एक सेकंदही न थांबता म्हणाला, "दादा, माल युरोपचा आहे, तिकडे स्टेअरिंग डावीकडे असतं, म्हणून उलटं लिहिलेलं असतं, आपल्याकडे असंच बसतं." आणि मला ते पटलं, कारण तो इतक्या खात्रीने बोलला, कंप्रेसर धडधडतोय, मागे दुसरी गाडी हॉर्न मारतेय, मुलीला क्लासला सोडायचं होतं, आणि मी काही टायरचा इंजिनीअर नाही. पण त्या वेळी फक्त एवढं म्हणायला पाहिजे होतं की एक चाक उतरव आणि मला आतली बाजू दाखव. बस्स. त्या एका वाक्याने सगळं तिथेच उघडं पडलं असतं.

कारण उलटे का बसवले होते ते नंतर कळलं. टायरचा पूर्ण डॉट कोड, म्हणजे ज्याच्या शेवटी बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, तो बहुतेक टायरवर एकाच बाजूला असतो. 2319 लिहिलं असेल तर 2019 सालचा 23 वा आठवडा. ती बाजू आत घातली की गिऱ्हाइकाला तारीख दिसतच नाही. आणि अशा असिमेट्रिक, म्हणजे आत-बाहेर वेगळी नक्षी असलेल्या टायरला बाहेरची बाजू वळणावर पकड धरायला आणि आतली पाणी काढायला बनवलेली असते, कुठल्याही देशात स्टेअरिंग कुठेही असलं तरी आउटसाइड बाहेरच येतं. म्हणजे ज्या ग्रिपसाठी मी पैसे मोजले तीही उलटी करून दिली.

नंतर लग्नासाठी वर्ध्याला निघालो. समृद्धीला लागल्यावर शंभरच्या आसपास एक गुणगुण यायला लागली, मला वाटलं काँक्रीटचा रस्ता आहे, आवाज येणारच. मग स्टेअरिंग हलायला लागलं. मग धप धप धप, मागून डावीकडून. गाडी हळू करत कडेला घेतली, बघतो तर नक्षीची एक पट्टी विताभर सुटून मडगार्डच्या आत आपटत होती, आतलं प्लास्टिक फाटलं होतं. 120 ची मर्यादा आहे तिथे, मी 120 ला असतो आणि तो पुढचा टायर असता तर आज हे लिहायला मी नसतो. आई मागे बसून रामरक्षा म्हणत होती.

क्रेनवाल्या भाऊंनी मोबाइलचा टॉर्च मारला आणि लगेच म्हणाले, "साहेब, याला कट मारेल हाये. बाकीच्या तिन्हीवर पण जाऊ नका." स्टेपनी टाकून पुढे जायचा विचार होता तो सोडला. क्रेनचे 3,500 देऊन जालन्यात आलो. तिथल्या टायरवाल्या काकांनी चारही उतरवून दाखवले. एकावर 3416, म्हणजे 2016 चा ऑगस्ट. एकावर 0917. उरलेल्या दोनवर तारखेच्या जागी ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेलं आणि वरून काळं पॉलिश. नऊ वर्षांचा टायर मला 300 किलोमीटर चाललेला म्हणून विकला! बऱ्याच टायर कंपन्या स्वतः सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहानंतर नक्षी असली तरी काढा.

कट मारणं म्हणजे काय हे काकांनी नीट समजावलं. गोटा झालेल्या, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झालेल्या टायरच्या खाचा गरम पात्याने पुन्हा खोल करायच्या. ट्रकच्या काही टायरवर रीग्रूव्हेबल असं लिहिलेलं असतं, त्यांना त्यासाठी खाली जादा रबर ठेवलेलं असतं, तिथे ते चालतं. कारच्या टायरला ते रबर नसतंच, पातं थेट तारेच्या जवळ जातं. माझ्या एका टायरच्या खाचेत तार दिसत होती, नखाला लागत होती. आणि ओळखायची खूण तिथेच असते. प्रत्येक चांगल्या टायरच्या खाचेत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. साइडवॉलवर टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत बघा. कट मारलेल्यात हे उंचवटे पात्याखाली गेलेले असतात. उंचवटा नाही म्हणजे टायर घेऊ नका, मग मालक काहीही सांगो.

जालन्यात साधे, रोजच्या वापराचे टूरिंग टायर टाकले, 6,900 चा एक, 27,600 चारचे, पक्क्या बिलासकट. म्हणजे 33,600 नको म्हणून जे केलं त्यात 21,700, 3,500 आणि 27,600 मिळून 52,800 गेले, आणि माझे जुने टायर गेले ते वेगळेच. ते जुने टायर पण नंतर त्याच जाहिरातवाल्याकडे मित्राला दिसले, एकाच्या साइडवॉलवर फुटपाथला घासल्याची खूण आहे त्यावरून ओळखले, 2,200 ला एक, "सेमी न्यू". माझ्याकडून 800 ला घेतलेले.

आता पुढचं ऐका. दुकानदार म्हणाला हे टायर माझे नाहीतच, बिल दाखवा. चौकीत गेलो तर म्हणाले हा दिवाणी मामला आहे, तुम्ही स्वतः जाऊन घेतले ना, कोणी गळ्यावर सुरी ठेवली होती का? अहो, तारीख ग्राइंडरने घासून माल विकणं हा दिवाणी मामला कसा? एखाद्याने एक्सपायरी खोडून औषध विकलं तर असंच म्हणणार का? अर्जाच्या कॉपीवर शिक्का मारायला सुद्धा मला भांडावं लागलं. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली तर बिल अपलोड करा, जीएसटी नंबर टाका, आणि थोड्या दिवसांनी मेसेज की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काय निकाल लागला? काहीच नाही, फक्त बंद केली. टॅक्सच्या ऑफिसात सांगितलं की हा माणूस बिनबिलाचा धंदा करतोय, तर साहेब मलाच म्हणतात तुम्ही बिलाशिवाय घेतलंच कसं. परिवहनवाल्यांचं उत्तर तर लक्षात ठेवण्यासारखं आहे, आम्ही गाड्या तपासतो, दुकानं नाही.

म्हणजे गोटा टायर घेऊन रस्त्यावर आलो तर दंड मला. 2023 ला समृद्धीवर अपघात वाढले तेव्हा टायर तपासून गाड्या परत पाठवत होते, चांगलीच गोष्ट आहे, पण माझा टायर त्या तपासणीतून आरामात पास झाला असता, खाचा खोल दिसत होत्या ना! कारच्या टायरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, 2020 मध्ये नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आले, इतके नियम, आणि भर बाजारात, दिवसाढवळ्या, बोर्ड लावून माणूस पात्याने टायर कापतोय तर ते बघायला एकही खातं मोकळं नाही. प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो. टायर फुटून माणसं गेली की पेपरात "चालकाचा ताबा सुटला" एवढंच येतं, टायर कुणी विकला हे कोणी विचारत नाही. माझ्यासारखे किती जण या दुकानातून बाहेर पडले असतील आणि रोज मुलांना शाळेत सोडत असतील!

टायर निवडण्याबद्दलही दोन शब्द, कारण त्या माणसाने मला त्यातच गुंडाळलं. "व्ही रेटिंग आहे दादा, रेसिंगचा" असं तो सांगत होता. व्ही म्हणजे 240 चा वेग, एच म्हणजे 210, टी म्हणजे 190. माझ्या गाडीला कंपनीतूनच व्ही येतो, त्यात रेसिंगचं काही नाही. आकाराच्या मागे 87 लिहिलेलं असतं तो लोड, एका टायरवर 545 किलो, हा आकडा कंपनीने दिलाय त्याहून कमी कधीच घेऊ नका. परफॉर्मन्स टायरचं रबर मऊ असतं, पकड चांगली पण झिजतो लवकर. रोज ऑफिस, शाळा, महिन्यातून एकदा गाव असं असेल तर ओल्या रस्त्यावर चांगला थांबणारा टूरिंग टायर घ्या. ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती हळू झिजेल याचा आकडा दाखवून भुलवतात, पण तो आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, दोन ब्रँडची तुलना त्यावर करू नका.

टायर बसवायच्या आधी जमिनीवर असताना चारही तारखा बघा, फोटो काढा. बसवल्यावर बघू म्हणाला तर निघून या. जुने टायर त्याच दुकानात लगेच सोडू नका, ते हातात असले की भांडता येतं. नवा टायर असला की त्यावर बहुतेक वेळा रबराचे बारीक केस असतात, "टेकऑफ आहे म्हणून झडले" हे ऐकून घेऊ नका, 300 किलोमीटरमध्ये कडेचे केस कुठे जात नाहीत. आणि ओलसर चमकणारा टायर दिसला तर आधी फडक्याने पुसायला लावा.

फसलाच असाल तर टायर परत देऊ नका, ते तुमचा पुरावा आहेत. नवीन दुकानातून टायरची अवस्था लेटरहेडवर लिहून घ्या, जालन्याच्या काकांनी मला पैसे न घेता दिलं. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि चॅट चालतील असं वकिलांनी सांगितलंय. तो 5,000 चा अॅडव्हान्सच आता माझा आधार आहे, 16,700 ची कॅश दिली त्याचा कागद काही नाही. तक्रार दाखल झालीये, तारीख मिळायचीये.

ज्यांनी गेल्या वर्षभरात अशा जाहिराती बघून "टेकऑफ" घेतलेत त्यांनी याच आठवड्यात कुठल्याही टायरवाल्याकडे जाऊन आतली बाजू बघा. गाडी लिफ्टवर घेतली की टायर रीमवरून काढायचीही गरज नाही, टॉर्च मारला की कोड दिसतो. तारीख घासलेली निघाली तर लांबच्या प्रवासाला त्या गाडीने निघू नका, आणि मला कळवा, आयोगात एकापेक्षा जास्त लोक उभे राहिले तर या माणसाला "माझे टायर नाहीत" म्हणता येणार नाही.