वर्गणीचं जर्नल की मुक्त प्रवेश?

धडगाव-अक्कलकुव्यात सरदार सरोवरामुळे उठलेल्या गावांच्या पुनर्वसनावर अभ्यास केला, तर शोधनिबंध कुठे द्यायचा? सामाजिक-पर्यावरणीय परिणामांच्या बऱ्याच जर्नलांत वर्गणी आणि मुक्त प्रवेश (ओपन अ‍ॅक्सेस) अशा दोन्ही वाटा असतात. समीक्षकांची चाळणी तीच, फरक पैशाचा आणि वाचकाचा.

वर्गणीच्या वाटेने लेखकाला सहसा पैसे मोजावे लागत नाहीत, ते वाचणारा मोजतो. २०२५ च्या जानेवारीपासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्राच्या योजनेमुळे सरकारी विद्यापीठांत एल्सेव्हिअर, टेलर अँड फ्रान्सिस अशा प्रकाशकांची जर्नलं मिळू लागली. जळगावच्या विद्यापीठात बसून निबंध उघडतो. पण शहाद्यातला कार्यकर्ता किंवा नंदुरबारचा वकील विद्यापीठात नसतो, आणि खरी गरज त्यालाच असते. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या (ईआयए) अधिसूचनेनुसार नव्या प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी लोकांना किमान ३० दिवस मिळतात. तेवढ्यात कंपनीचा जाडजूड अहवाल वाचायचा, त्यातली पोकळ विधानं हेरायची आणि लेखी हरकत द्यायची. अशा वेळी हाताशी आधीचा अभ्यास असला, तर हरकतीला वजन येतं. तोच नेमका कुलुपात!

मुक्त प्रवेशात निबंध कुणालाही मोबाइलवर वाचता येतो. लेखकाने भरायचं शुल्क मात्र नामांकित जर्नलांत लाखांच्या घरात जातं. प्रकल्प-निधी नसलेल्या प्राध्यापकाने ते खिशातून भरावं, हे मला मुळीच पटत नाही.

निधी असेल तर मुक्त प्रवेशच घ्या. नसेल तर वर्गणीच्या जर्नलात द्या, पण प्रकाशकाशी केलेल्या करारातली अट आणि मुदत पाहून स्वीकृत हस्तलिखित (समीक्षेनंतर मान्य झालेला, छपाईआधीचा मसुदा) विद्यापीठाच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवा. सोबत मराठीत चार पानांचा गोषवारा काढून ज्या गावांत माहिती गोळा केली तिथल्या ग्रामपंचायतींना द्या.