दम्याला गोळी बरी की पंप?

"पंप नको, त्याची सवय लागते. गोळीच द्या." माझी आई वर्षानुवर्षं हेच म्हणायची आणि धाप लागली की कपाटातली प्रेडनिसोलोनची उरलेली पट्टी काढायची. पंपातल्या औषधासारखी ती गोळीही स्टिरॉइडच, म्हणजे सूज उतरवणारं औषध, हे तिला ठाऊकच नव्हतं.

आधी मात्रा बघा. दम्याच्या जोराच्या अटॅकमध्ये मोठ्या माणसाला प्रेडनिसोलोन रोज साधारण ४० मिलिग्रॅम, पाच ते सात दिवस देतात. ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडच्या पंपाची रोजची कमी मात्रा २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, आणि १००० मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे आकड्यासमोर आकडा ठेवून हिशेब पुरा होत नाही; तरी फरक डोळ्यांत भरतोच. त्यातून गोळी रक्तातून अंगभर फिरते, पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत उतरतं. गोळ्या वारंवार घेतल्या की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होऊ शकतो.

पंपालाही त्रास आहेत. आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी धरते. मुलांच्या उंचीची काळजी खोटी नाही: २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात लहानपणी ब्युडेसोनाइड ओढलेली मुलं मोठेपणी सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. पण रात्रभर उशीला टेकून बसलेलं पोर ज्याने पाहिलंय, त्याला हा सेंटिमीटर जड वाटणार नाही. मला तरी वाटत नाही.

तोंडाचा त्रास बराचसा टाळता येतो. पंपाला स्पेसर, म्हणजे पोकळ नळी, लावली की औषध घशात कमी चिकटतं. आईचा पंप आता बेसिनपाशी, ब्रशच्या पेल्यात असतो. आधी पंप, मग खळखळून चूळ, ती थुंकायची, मग ब्रश.

गोळीचा गुण काही तासांत दिसू लागतो; पंपाने श्वासनलिकेची सूज उतरायला दिवस, कधी आठवडे जातात. इथेच लोक कंटाळून पंप सोडतात. मोठ्या अटॅकमध्ये डॉक्टरांनी गोळी दिली तर जरूर घ्या, तिथे ती जीव वाचवते. बरेच दिवस चालू असलेली गोळी मात्र मनाने एकदम थांबवू नका. आणि वर्षातून दोनदा गोळीवर जायची वेळ आली, तर पंप बरोबर नेऊन डॉक्टरांसमोर ओढून दाखवा. आईने दाखवला तेव्हा कळलं, ती आधी दाबायची आणि श्वास नंतर घ्यायची. औषध सगळं जिभेवरच राहत होतं.