सायकसच्या 'कोंड्या'वर खनिज तेल : साडेतीन तारे

फाटकाजवळचा सायकस, ते ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड, मुलगा दहावीत असताना आणला होता. आता त्याची लेक बालवाडीत जाते, म्हणजे झाडाचं वय काढा. दिवाळीत सूनबाई म्हणाली, "आई, याला कोंडा झालाय का?" नुकतंच रंगकाम झालं होतं, मी म्हटलं चुना उडाला असेल. इथेच तीन आठवडे गेले.

मग एकदा चष्मा लावून झावळी उलटी केली. पात्यांच्या मागे मोहरीहून बारीक पांढरे ठिपके, इतके दाट की हिरवं दिसेना. नखाने खरवडलं तर चुना कुठला, नखावर नारिंगी ओल आली. खवले कीड! मुंगी एकही नव्हती. पिठ्या ढेकूण असता तर त्याच्या गोड चिकट्यावर मुंग्यांची रांग लागली असती. ही कीड तसला चिकटा सोडतच नाही, म्हणून लक्षातही येत नाही.

नर्सरीवाल्याने मातीत ओतायला इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक दिलं. "काकू, मुळातून वर चढेल, बघा." दोन महिने बघितलं. पुढे कळलं की हे औषध झाडाच्या रसवाहिन्यांतून फिरतं आणि ही कीड रस शोषते पानाच्या पेशींतून. दोघांची गाठच पडत नाही. पैसे गेले ते गेलेच, वर निम्म्या झावळ्या पिवळ्या.

मग हे खनिज तेल मागवलं. अर्धा लिटर, साडेचारशे रुपये. काश्मीर-हिमाचलात सफरचंदाच्या झाडांवर थंडीत फवारतात त्याच जातीचं. किडीच्या अंगावर मेणकट ढाल असते, साधं औषध तिच्यावरून ओघळून जातं. तेल मात्र तिला गुदमरवून मारतं. लिटरला दहा मिली घातलं की पाणी दुधासारखं होतं. कडुनिंबाच्या तेलात साबण घालून घोटत बसावं लागतं, तो व्याप इथे नाही. वासही नाही. यासाठी पूर्ण गुण.

आता तक्रारी. बाटलीवर लिहिलंय 'एकाच फवारणीत सुटका'. साफ खोटं. नुकती जन्मलेली पिल्लं धुळीच्या कणाएवढी असतात, वाऱ्यावरही उडतात, आणि अंडी आईच्या ढालीखाली सुरक्षित राहतात. मी दहा-दहा दिवसांनी तीनदा फवारलं तेव्हा कुठे आटोक्यात आली. दुसरं, उन्हाबद्दल अक्षरही नाही. पहिल्यांदा मी सकाळी अकराला फवारलं आणि चार झावळ्यांची टोकं करपली. नंतर सूर्य कलल्यावरच पंप हातात घेतला. ज्यांनी गंधकाची पूड मारली असेल त्यांनी मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर पानं भाजतात. तिसरं, झाकण गळतं. माझी अख्खी फडताळी तेलकट झाली.

खरं काम तेलाच्या आधीचं आहे. सगळ्यात बरबटलेल्या झावळ्या कापून पिशवीत बांधून टाकल्या, खताच्या खड्ड्यात नाही. उरलेल्यांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा, मग दातांचा जुना ब्रश. सायकसची पाती म्हणजे सुया, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. झावळी खोडाला जिथे चिकटते तिथल्या लवेत कीड दडते, तिथे ब्रश आडवा धरावा लागतो. आणि ती मुळांवरही उतरते. बुडाशी फुटलेली सायकसची दोन पिल्लं काढली तर त्यांच्या मुळांवरही पांढरं! तिथे तेल पोचत नाही, हे बाटलीवाले सांगत नाहीत.

मेलेली कीड पानावरून गळत नाही, तशीच चिकटून राहते. दुसऱ्या फवारणीनंतर मी जवळजवळ हार मानली होती. पुन्हा नखाने खरवडलं, यावेळी कोरडा भुगा निघाला. ओल आली तर जिवंत, भुगा पडला तर मेली. एवढी एक ओळ लेबलवर छापली असती तर मी अर्धा तारा वाढवला असता.

बहीण फ्लोरिडात असते. तिकडे मायामीत १९९६ साली सायकसवरची अशीच एक कीड आशियातून पोचली, तेव्हापासून लोक वैतागलेत. ती म्हणाली, बुंध्याशी कॉफीचा चोथा घाल. घातला. आठवडाभर फाटकाशी उडप्याच्या हॉटेलासारखा वास आला, बाकी काही नाही.

जूनमध्ये अकरा नव्या झावळ्या फुटल्या. कोवळ्या असताना तेल लावलं नाही, कडक होऊ दिल्या. काल मोजून पाहिल्या, त्यातल्या एकीच्या मागे तीन ठिपके. नखाला ओल लागली. रविवारी ऊन उतरल्यावर बाटली काढते, झाकणाखाली फडकं गुंडाळून.